शॉकअप बदलण्याआधी: रोज चालणाऱ्या स्पोर्ट्‌स कारसाठी सस्पेन्शन कसे निवडावे

‘ऑक्टाव्हिया आरएस आहे, पुढचे शॉकअप गळायला लागलेत. कंपनीचेच घालू की कॉइलओव्हर?’ ‘पोलोला लोअरिंग स्प्रिंग लावल्या तर गोव्याच्या घाटात गाडी जास्त बसेल ना?’ ‘अबार्थ पुंटोचे मूळ शॉकअप मिळत नाहीत, आता काय करू?’ हुबळी-धारवाडच्या वाचकांकडून अशा प्रकारचे प्रश्न सतत येतात. देशपांडे नगरासारख्या जुन्या वस्तीत राहणारा, रोज कामाला आणि अधूनमधून बेळगाव-कोल्हापूरकडे त्याच गाडीने जाणारा माणूस त्यामागे असतो. त्याच्याकडे दुसरी गाडी नसते. जी आहे तीच घाटात मजेने हाकायची असते आणि तीच आई-वडिलांना दवाखान्यात नेण्यासाठीही काढायची असते.

म्हणून उत्तर आधीच सांगून टाकलेले बरे. अशा गाडीसाठी पैसे घालायचे ते चांगल्या शॉकअपवर. उंची कमी करण्यावर शक्यतो घालू नयेत. स्प्रिंगची वाटचाल, म्हणजे चाकाला वर-खाली होण्यासाठी मिळणारी जागा, ही इथल्या रस्त्यांवरची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. जे किट ही जागा खाऊन टाकते, ते कितीही नामांकित असले तरी तुमच्या उपयोगाचे नाही.

आधी गाडी कुठे चालते ते लिहून काढा

कागद घ्या आणि गाडीचा एक महिना मांडा. देशपांडे नगरातून निघणाऱ्या गाडीचा महिना साधारण असा असतो: क्लब रोड, कोर्ट सर्कल, केश्वापूर अशी गर्दीतली छोटी धाव; गोकुळ रोड; उणकल आणि नवनगरमार्गे धारवाड, जिथे मधली मार्गिका बीआरटीएसच्या ‘चिगरी’ बससाठी राखीव असते आणि बाकीच्यांना कडेच्या रस्त्याने जावे लागते; कधी नरेंद्र ते गब्बूर असा महामार्गाचा बायपास; आणि सुट्टीच्या दिवशी चोर्ला, अनमोड किंवा यल्लापूरमार्गे अरबैल घाट.

या यादीत दोन अगदी वेगळ्या प्रकारचे धक्के दडलेले आहेत. सस्पेन्शनची सगळी निवड या दोहोंवर ठरते.

पहिला प्रकार अचानक बसणाऱ्या धक्क्याचा: खड्डा, खचलेले चेंबरचे झाकण, खोदून घाईत बुजवलेली चर, काँक्रीटचा सांधा. इथे चाक क्षणात वर फेकले जाते. शॉकअपने त्या क्षणी चाकाला वर जाऊ दिले पाहिजे. अडवून धरले तर धक्का थेट बॉडीत आणि तुमच्या पाठीत जातो.

दुसरा प्रकार लांब लाटेचा. हुबळीच्या भोवती काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते. तिच्यावर बांधलेल्या रस्त्याला कालांतराने लाटा येतात. डांबर वरून गुळगुळीत दिसते, पण ऐंशीच्या वेगात गाडी नावेसारखी डोलते. अशा ठिकाणी दाबली गेलेली स्प्रिंग परत सुटताना तिला आवरण्याचे काम शॉकअपचे असते. गॅरेजमध्ये याला ‘रिबाउंड’ म्हणतात.

थोडक्यात तुम्हाला असा शॉकअप हवा, जो तीक्ष्ण धक्क्याला मऊ आणि लाटेला घट्ट राहील. ‘हार्ड आहे का सॉफ्ट?’ या एका प्रश्नाने हे कळत नाही. दुकानदाराने नुसते ‘एकदम टाइट होईल’ असे सांगितले, तर त्याने तुमच्या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही.

उंचीचा हिशेब, गतिरोधकावरून

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-९९ या मार्गदर्शिकेत सर्वसाधारण गतिरोधकाचे माप दिले आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. आणि तो ताशी २५ किलोमीटरने ओलांडता यावा अशी अपेक्षा. आता २.६ मीटर व्हीलबेसची गाडी त्यावर बरोबर मधोमध आहे असे समजा. चाके गतिरोधकाच्या उतारावर आणि शिखर गाडीच्या पोटाखाली. भूमितीचा साधा हिशेब केला तर या स्थितीत पोटाखालची सुमारे ५ सेंटिमीटर जागा कमी होते.

तुमच्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १४ सेंटिमीटर असेल, तर उरले ९. तीन सेंटिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंग लावल्या तर उरले ६. चौघे बसले, डिकीत सामान भरले आणि गाडी आणखी ३ सेंटिमीटर बसली, तर उरले ३. पुढची चाके उतरताना स्प्रिंग दबते, ते यात धरलेलेच नाही. आणि हा सगळा हिशेब नियमात बसणाऱ्या गतिरोधकाचा आहे. गल्लीत रहिवाशांनी स्वतःच घातलेला, अरुंद आणि उभट उंचवटा याहून कितीतरी वाईट. तिथे पोटाआधी पुढचा बंपर घासतो.

हे तुमच्या गाडीवर मोजून पाहता येते, आणि खरेदीआधी मोजावेच.

- सपाट जागी गाडी उभी करा. टायरमध्ये दाराच्या पट्टीवर लिहिलेला दाब ठेवा.
- चाकाच्या केंद्रापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी मोजून लिहा. टायर झिजला तरी हे माप बदलत नाही, म्हणून जमिनीपासून मोजण्यापेक्षा ते भरवशाचे.
- चार माणसे आणि नेहमीचे सामान घेऊन पुन्हा मोजा. दोन्ही मापांतला फरक म्हणजे भाराने गाडी किती बसते.
- पोटाखालचा सर्वांत खालचा भाग कोणता ते पाहा. पुष्कळदा तो सायलेन्सरचा पाइप किंवा इंजिनखालचे आवरण असते.

ही मापे हातात असली, की ‘फक्त तीस मिलिमीटरच बसेल’ या वाक्याचा खरा अर्थ तुम्हाला दुकानातच कळतो.

दुखणे शॉकअपचेच आहे का?

अर्ध्याहून अधिक गोंधळ इथे सुटू शकतो. ‘गाडी खडखडते’ म्हणून नवे किट घातले आणि खडखड तशीच राहिली, ही तक्रार नवी नाही. कारण आवाज लिंक रॉडचा असतो किंवा लोअर आर्मच्या फाटलेल्या बुशचा, आणि बिल मात्र शॉकअपचे होते.

- छोट्या खड्ड्यांवर ‘टक-टक’ आवाज, मोठ्या धक्क्यावर शांत: आधी स्टॅबिलायझरच्या लिंक रॉड आणि बुश तपासा.
- उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना ‘टुंग’ असा स्प्रिंगचा आवाज: टॉप माउंट आणि त्याचे बेअरिंग.
- ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग सैल वाटते: लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, अलाइनमेंट.
- शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओला, धूळ चिकटलेला थर. लाटेवरून गेल्यावर गाडी दोन-तीनदा डोलत राहणे. टायरवर ठराविक अंतराने पडलेल्या खोलगट झिजेच्या जागा: इथे मात्र शॉकअपच.

कोपरा दाबून सोडण्याची जुनी चाचणी अगदी मेलेला शॉकअप ओळखते. अर्धवट गेलेला नाही. तिच्यावर विसंबून राहू नका. गाडी लिफ्टवर चढवून, टॉर्च घेऊन, मेस्त्रीबरोबर स्वतः खाली उभे राहा. बुश लोखंडी पट्टीने हलवून पाहायला सांगा. जे गॅरेज तुम्हाला खाली उभे राहू देत नाही, तिथे हे काम देऊ नये.

पर्याय, स्वस्तापासून महागापर्यंत

१. टायर, दाब आणि अलाइनमेंट. शॉकअप ठीक असतील आणि तक्रार फक्त धक्क्यांची असेल, तर सुरुवात इथून करा. उदाहरण घ्या: २२५/४० आर१८ टायरची बाजू ९० मिलिमीटर उंच असते, २२५/४५ आर१७ ची साधारण १०१. चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो, फरक अर्ध्या टक्क्याच्या आत. म्हणजे एक इंच लहान रिम घेतल्यावर प्रत्येक खड्ड्यासाठी ११ मिलिमीटर जास्त रबर मिळते आणि रिम वाकण्याचा धोका घटतो. मात्र सतराचे रिम पुढच्या ब्रेक कॅलिपरला लागत नाही ना, आणि ते माप कंपनीने तुमच्या मॉडेलला मान्य केलेल्या यादीत आहे ना, हे पाहून घ्या. दिसायला अठराचे चाक रुबाबदार, यात शंका नाही. पण पावसाळ्यात वाकलेले रिम ठोकून घेण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांनी हा पर्याय मनावर घ्यावा.

२. मूळ दर्जाचे शॉकअप. गाडीच्या मूळ चालीवर तुम्ही खूश होता आणि ती फक्त थकली आहे, तर तीच चाल परत मिळवा. अधिकृत वर्कशॉपचा भाग महाग वाटला तर गाडी कंपन्यांना पुरवठा करणाऱ्या उत्पादकांचा माल बाजारात पाहता येतो. १९६१ पासून शॉकअप बनवणारी पुण्याची गॅब्रिएल इंडिया आहे, मन्रो आहे, बिल्स्टाइनची बी४ मालिका आहे. पण ‘याच मॉडेलचा, याच इंजिनाचा भाग क्रमांक’ मिळाला तरच घ्या. साध्या हॅचबॅकचा शॉकअप त्याच नावाच्या जोरकस आवृत्तीत ‘बसतो’, म्हणजे बोल्टला बसतो. वजन आणि स्प्रिंग वेगळी असल्याने चाल बसत नाही.

३. मूळ स्प्रिंग, मूळ उंची, चांगला शॉकअप. देशपांडे नगराच्या वाचकासाठी सर्वाधिक शिफारस याचीच. बिल्स्टाइनची बी६ मालिका मूळ लांबीच्या स्प्रिंगसाठी बनवलेली आहे. एका नळीची, उच्च दाबाच्या वायूची रचना असल्याने घाटात सलग तापली तरी तिची पकड टिकते, लाटेवर गाडी लवकर स्थिरावते. कोनीची ‘स्पेशल ॲक्टिव्ह’ मालिका वेगळ्या वाटेने तेच साधते: चाक किती झपाट्याने थरथरते त्यानुसार तिची झडप तेलाला जास्त किंवा कमी वाट देते, त्यामुळे खडबडीत डांबरावर ती मऊ राहते आणि वळणावर घट्ट. वयस्कर माणसे गाडीत नेहमी बसत असतील तर दुसरी जास्त सोसवेल. एकटे घाटात जाणे जास्त असेल तर पहिली. दोन्हींत वाटचाल शाबूत राहते, आणि तीच खरी कमाई.

४. आखूड स्प्रिंग आणि तिला जुळणारा आखूड शॉकअप. गाडी खाली हवीच असेल, तर किमान जोडी बरोबर घ्या. मूळ शॉकअपवर नुसत्या आखूड स्प्रिंग चढवल्या की दांडा सतत आत ढकललेला राहतो, रबराचा बंप स्टॉप वारंवार आपटतो आणि सील लवकर जाते. म्हणूनच बिल्स्टाइन आखूड स्प्रिंगसाठी बी८ ही वेगळी मालिका बनवते, आणि आयबाखच्या स्प्रिंगसह त्याचा तयार संच बी१२ नावाने विकते. बी६ आणि बी८ मधला हा फरक विकणाऱ्यालाही कधी कधी ठाऊक नसतो. खोक्यावरचा क्रमांक स्वतः वाचा.

५. कॉइलओव्हर. उंची स्वतः ठरवता येते, हा त्याचा खरा गुण. पण उंची लावण्याच्या दोन पद्धती आहेत. काहींत स्प्रिंगची खालची वाटी फिरवून गाडी खाली घेतात, तेव्हा वाटचाल कमी होते. काहींत शॉकअपच्या तळाची लांबीच बदलते आणि वाटचाल तशीच राहते; बीसी रेसिंगची बीआर मालिका या प्रकारची. हा प्रश्न दुकानात विचाराच.

केडब्ल्यू कंपनीच्या कॉइलओव्हरच्या पायऱ्या समजून घेतल्या की बाजारातले बहुतेक किट समजतात. व्हेरिएंट १ मध्ये फक्त उंची बदलते. व्हेरिएंट २ मध्ये उंची आणि रिबाउंड. व्हेरिएंट ३ मध्ये स्प्रिंग दबतानाची घट्टाई आणि रिबाउंड दोन्ही वेगवेगळे. रोजच्या गाडीला पहिली पायरी पुष्कळदा पुरते, कारण जाणकारांनी ठरवलेली मांडणी बिघडवायला तिच्यात बटणच नसते. ज्यांना स्वतः बसून, एक-एक टिचकी बदलून, नोंद ठेवून गाडी लावायची हौस आहे, त्यांनीच पुढे जावे. स्वीडनच्या ओलिन्सची ‘रोड अँड ट्रॅक’ मालिका खराब डांबरावर आश्चर्य वाटावे इतकी सभ्य वागते. पण तिची किंमत आणि तिची सर्व्हिस कुठे होणार, हे दोन्ही आधी विचारून घ्या.

कॉइलओव्हर घेतलेच तर उंची किटने परवानगी दिलेल्या वरच्या टोकाजवळ ठेवा. बाजारातल्या स्वस्त कॉइलओव्हरपेक्षा तिसऱ्या पर्यायातला साधा शॉकअप कितीतरी चांगला.

६. स्प्रिंग कापणे, स्प्रिंगमध्ये रबर किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे घालणे. करू नका. कापलेली स्प्रिंग वाटीत नीट बसत नाही आणि चाक हवेत गेल्यावर जागेवरून निसटू शकते. गाडी खाली घासते म्हणून रबराचे तुकडे घालून उचलणे हाही याच जातीचा उपाय: त्या वेटोळ्यांवर ताण एकवटतो आणि स्प्रिंग तुटायला तेच निमित्त होते.

मागवण्याआधी अडकवणाऱ्या गोष्टी

सर्वांत महागडी चूक भारतीय गाड्यांच्या वेगळेपणातून होते. युरोपीय कंपन्या भारतासाठी पुष्कळ मॉडेलांची उंची वाढवतात, ‘खराब रस्त्यांचे’ सस्पेन्शन घालतात. जर्मन स्प्रिंगच्या खोक्यावर ‘३० मिलिमीटर खाली’ लिहिलेले असते ते तिथल्या मूळ उंचीपासून. तुमची गाडी मुळातच दीड-दोन सेंटिमीटर उंच असेल, तर त्या स्प्रिंग तिला साडेचार-पाच सेंटिमीटर खाली आणतील. वर केलेला गतिरोधकाचा हिशेब आता पुन्हा वाचा.

याखेरीज हे तपासा:

- पुढच्या शॉकअपचा व्यास. फोक्सवॅगन-स्कोडाच्या अनेक मॉडेलांत ५० आणि ५५ मिलिमीटर असे दोन व्यास आढळतात. कॅलिपरने मोजा, अंदाज करू नका.
- मागचा ॲक्सल. एकाच नावाच्या गाडीत कमी ताकदीच्या इंजिनाला टॉर्शन बीम आणि जास्त ताकदीला मल्टिलिंक असू शकतो. दोघांचे किट वेगळे.
- मूळ मांडणीचा कोड. फोक्सवॅगन-स्कोडा गटाच्या गाड्यांत डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्याजवळ किंवा सर्व्हिस बुकात एक स्टिकर असतो, त्यावर सस्पेन्शनचे कोड असतात. त्याचा फोटो विक्रेत्याला पाठवा आणि ‘यालाच बसेल’ असे लेखी घ्या.
- इलेक्ट्रॉनिक शॉकअप. ड्रायव्हिंग मोड बदलल्यावर गाडी कडक-मऊ होत असेल, तर साधे शॉकअप घातल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागेल. त्यासाठी जुळणारी मालिका किंवा सिग्नल भागवणारा संच लागतो.
- उंचीचे सेन्सर आणि कॅमेरा. आपोआप वर-खाली होणारे हेडलाइट, काचेमागचा कॅमेरा, पुढचा रडार: गाडीची उंची बदलली की यांची जुळणी पुन्हा करावी लागू शकते. ती कोण करणार, कितीला, हे आधी ठरवा.
- ॲक्सलवरचा भार. जर्मन किटसोबत येणाऱ्या टीयूव्ही या तपासणी संस्थेच्या कागदात कोणत्या मॉडेलला आणि जास्तीत जास्त किती भाराला हे किट मान्य आहे, ते छापलेले असते. भारतात त्या कागदाने परवानगी मिळत नाही. माहिती मात्र अस्सल मिळते.

बजेट मांडताना किटच्या किमतीत नवे टॉप माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप, धुळीची आवरणे, एकदाच वापरायचे बोल्ट, मजुरी आणि दोन वेळचे अलाइनमेंट धरा. परदेशातून स्वतः मागवत असाल तर कस्टम्स ड्युटी आणि वाहतूकही. देशात सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे. त्याआधी शॉकअपवर तो २८ टक्के होता. जुन्या दरपत्रकावर कोणी किंमत सांगत असेल तर विचारा.

मेस्त्रीशी आधी बोलून घ्यायच्या गोष्टी

काम कोणत्या बोर्डाखाली होते यापेक्षा ते कसे होते हे महत्त्वाचे. गोकुळ रोडच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये द्या किंवा ओळखीच्या गॅरेजात, पुढच्या गोष्टींवर तडजोड नको.

- शॉकअप जोडीनेच बदलायचे. एका ॲक्सलचे दोन्ही.
- स्प्रिंग दाबायला योग्य कंप्रेसर हवा. दोरी, साखळी, जुगाड नको. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.
- शॉकअपचा दांडा पक्कडीने धरायचा नाही. त्यावर ओरखडा पडला की सील गेलेच.
- लोअर आर्म आणि मागच्या लिंकच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते. चाल कडक होते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. नवे किट ‘फार कडक’ असल्याच्या तक्रारींमागे कैकदा हेच असते.
- टॉर्क रेंच वापरायचा, आकडे मॅन्युअलमधले.
- लगेच अलाइनमेंट, आणि स्प्रिंग बसल्यावर, म्हणजे ५०० ते १,००० किलोमीटरनंतर पुन्हा. दोन्ही वेळचा छापील कागद घ्या.
- हेडलाइटची दिशा तपासायची. मागच्या-पुढच्या उंचीत थोडा फरक पडला तरी समोरच्याचे डोळे दिपतात.

गाडी ताब्यात घेताना आधी लिहून ठेवलेली फेंडरची मापे पुन्हा घ्या. डाव्या-उजव्या बाजूत सेंटिमीटरचा फरक असेल तर तिथेच थांबवा.

चाचणीचा रस्ता

ओळखीच्या रस्त्यावर, ओळखीच्या वेगात, आधी एकटे आणि मग चौघांना घेऊन. गल्लीतल्या उंचवट्यावर बंप स्टॉपचा ‘धप्प’ आवाज येतो का? गोकुळ रोडवर चाळीसच्या वेगात छोटे खड्डे हातात किती जाणवतात? धारवाडकडे जाताना लाटेवरून गाडी एकदाच डोलून शांत होते का?

रिबाउंड बदलता येणारे किट असेल तर एक खूण लक्षात ठेवा. सलग खड्ड्यांवर गाडी दर खड्ड्याला जास्त कडक होत गेली आणि खाली बसल्यासारखी वाटली, तर रिबाउंड फार आवळले आहे. एक धक्का पचवून स्प्रिंग परत उघडायच्या आत दुसरा येतो. अशा वेळी दोन टिचक्या सैल करा. बहुतेक जण नेमके उलट करतात. घट्ट म्हणजे स्पोर्टी, असा समज घट्ट बसलेला आहे.

कायदा, विमा आणि वॉरंटी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. बदल म्हणजे काय, तर ज्याने वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य पालटते असा रचनेतला बदल, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२ए (४) सांगते की नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मूळ उंची आणि मूळ बसण्याची जागा राखून खराब शॉकअपच्या जागी चांगला शॉकअप घालणे ही देखभाल आहे असे ठामपणे मांडता येते. उंची बदलली की तीच बाजू कमकुवत होते. तिसरा पर्याय सुचवण्यामागे हेही एक कारण आहे. गाडीची उंची बदलणारच असाल तर आधी तुमच्या आरटीओला, हुबळीत केए-६३ आणि धारवाडात केए-२५, लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

विमा कंपनीलाही बदल ईमेलने कळवा आणि पोच ठेवा. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेस पडला तर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडू शकतो. नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा आणि तिथे समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे. कर्नाटकासाठी त्यांचे कार्यालय बंगळुरूला आहे.

वॉरंटी चालू असेल तर डीलरला एकच प्रश्न लेखी विचारा: ‘हे शॉकअप घातल्यास कोणत्या भागांची वॉरंटी जाईल?’ ‘सगळीच जाईल’ असे तोंडी उत्तर मिळाले तर ते वॉरंटीच्या कोणत्या अटीनुसार, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

माल खराब निघाला तर

- पक्के जीएसटी बिल घ्या. त्यावर भाग क्रमांक आणि गाडीचे मॉडेल लिहून घ्या. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणे हीदेखील तशीच प्रथा. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का मारल्याने हा हक्क जात नाही.
- आयात मालाच्या पाकिटावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असली पाहिजे. ती नसेल तर बनावट मालाची शंका घ्या आणि अनुक्रमांक उत्पादकाकडे पडताळा.
- खोके उघडतानाचा व्हिडिओ काढा. गळका शॉकअप काढताना फोटो काढा आणि तो भाग स्वतःकडे ठेवा.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. विक्रेता मुंबईचा किंवा दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल होते.

पहिला पावसाळा

गाडी गोव्याहून किंवा कारवार-कुमट्याकडून परत आली, की खालून गोड्या पाण्याने धुवा. खाऱ्या हवेचा थर आणि इथला काळा चिखल कॉइलओव्हरच्या आट्यांत बसला की पुढच्या वर्षी वाटी फिरत नाही. केडब्ल्यू आपल्या अनेक संचांची नळी स्टेनलेस स्टीलची देते ती यासाठीच. ज्यांची नाही त्यांच्या आट्या ब्रशने घासून, सुकवून संरक्षक थर द्या. दसऱ्याच्या सुमारास गाडी एकदा लिफ्टवर घ्या: धुळीची आवरणे फाटली आहेत का, टायरची आतली कड जास्त झिजते आहे का, लिंक रॉडचे रबर शाबूत आहे का. काढलेले मूळ शॉकअप आणि स्प्रिंग चांगल्या अवस्थेत असतील तर डाव्या-उजव्याच्या चिठ्ठ्या लावून, कोरड्या जागी उभे ठेवा. गाडी विकताना, वॉरंटीच्या वादात किंवा आरटीओने मूळ स्थिती मागितली तर तेच भाग लागतात.